बिंदल्या आणि नऊ पट यांची बखर

श्रीकुलस्वामिनी लाज राखो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, श्रावणमासी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहिले असे. राज्याच्या राणीसाहेब अनघाबाई विद्यालयात अर्थशास्त्र शिकलेल्या, आणि उरात सदा धाकधूक, की राजकन्या शर्वरी थोर होईल तो विद्येचा खर्च गगनास जाईल, मग काय करावे. सबब त्यांची नजर एका सूतगिरणीच्या समभागावर पडली, आणि त्यांनी पाच सालांचा तक्ता मांडिला, की भाव हा एका समभागामागच्या सालच्या नफ्याच्या किती पट. चार साले भाव शंभर आणि नफा पाच, म्हणजे वीस पट. आणि यंदा भाव एकशे आठ, नफा बारा, म्हणजे अवघी नऊ पट. मग राणीसाहेब हर्षभरित होऊन बोलिल्या, "वन्सं, विसाचा माल नवास आला." नणंद मंदाकिनीबाई वालाचे बिरडे सोलीत होत्या, त्या म्हणाल्या, "मग विकणारे वेडे का हो वहिनी?" "त्यांना तक्ता वाचता येत नाही." "बरं बाई. आम्हांला तरी कुठं येतो."

खजिन्यात रोकड नव्हती. मंदाकिनीबाईंनी आपली पाटली मोडून बारशास राजकन्येला सोन्याच्या बिंदल्या केल्या होत्या, त्या राणीसाहेबांनी कोणास न सांगता सराफाकडे रवाना केल्या आणि समभाग घेतले, आणि मनी म्हणाल्या, दुप्पट होताच चार बिंदल्या करून दाखवू. मग साल पालटले आणि नफा चारावर आला, आणि भाव साठावर कोसळला, आणि भागाकार केला तो पट पंधरा. भाव उतरला आणि पट चढला, हे कैसे? मग चौकशी करिता कळले, आणि ते लपलेले नव्हतेच, बाजारी ज्याला त्याला ठाऊक, की त्या बारांतील सात रुपये गिरणीमागची जमीन विकून आले होते. जमीन एकदाच विकते. सुताचे पाचच, आणि पाचांवर एकशे आठ म्हणजे एकविसांहून अधिक पट, म्हणजे माल महागच होता. राणीसाहेबांनी पटाची रेघ पाच साले ओढिली, आणि नफा कशाचा हे एकदाही पाहिले नाही.

मग पौषात राजकन्येचे बोरन्हाण आले, आणि मंदाकिनीबाई तिच्या मनगटी हलव्याच्या बिंदल्या बांधीत म्हणाल्या, "वहिनी, सोन्याच्याही आणा. लहान झाल्या असतील तर वाढवून घेऊ." राणीसाहेब कपाटापर्यंत गेल्या आणि रित्या हाती परतल्या, आणि सापडत नाहीत ऐसे ओठांवर आले, परंतु बोलिल्या, "वन्सं, त्या मी विकल्या. त्या नऊ पटीपायी." मंदाकिनीबाईंनी गाठ पुरी मारिली आणि म्हणाल्या, "विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं." आणि राजकन्येच्या डोईवर बोरे ओतू लागल्या, आणि राणीसाहेब खाली वाकून बोरे वेचीत राहिल्या, की मान वर करावी लागू नये.

एणेप्रमाणे मजकूर. पट उतरला तर आधी पाहावे, भाव उतरला की नफा फुगला, आणि फुगला तर कशाने. समभाग अद्याप राणीसाहेबांपाशीच आहेत. पट त्या दर सालास काढितात, परंतु मोठ्याने वाचीत नाहीत.