रंगनाथअण्णांच्या कवट्या

आमचे सिडकोतले शेजारी रंगनाथअण्णा, त्यांच्याकडे कुरिअरवाला आला की त्याला ताटकळावं लागतं. अण्णा खोकं दारातच फोडतात, आतली कवटी उन्हात धरतात, जबडा उघडतात आणि दात मोजतात. "जबडा उघडल्याबिगर सौदा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कवटी डायनासोरची, तीही शिकारी जातीच्या डायनासोरची. अस्सल नव्हे, नारळाएवढी प्रतिकृती.

अण्णांनी सारी हयात कन्नड गावच्या बैलबाजारात दलाली केली. दात बघून बैलाचं वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बायको गेल्यावर इथं मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले, मुलगा कॅनडात. पहिली कवटी, टी-रेक्सची, त्यांनी माझ्याच मोबाईलवरून मागवली. कशाला, ते सांगितलं नाही. आली त्याच दिवशी म्हणाले, "मास्तर, परत धाडा. फसवलं आपल्याला."

"का हो?"

"वरच्या हिरडीला पुढं दात हायेत. असं जनावर असतंय व्हय?"

बैलाला वरचे पुढचे दात नसतात, हे मला तेव्हा कळलं. हे जनावर गवत खाणारं नाही, बैलाएवढी धुडं फाडून खाणारं आहे, असं मी सांगितलं. अण्णा बराच वेळ टी-रेक्सकडे रागानं बघत राहिले. पण ठेवून घेतला.

आता शोकेसमध्ये अकरा कवट्या आहेत. पोळ्याला अण्णा त्यावर चादर टाकतात. "आज बैलांचा सण. ह्यांचं तोंड बघायचं नाय."

मी यावरून त्यांची भरपूर चेष्टा केली. मग एका रविवारी त्यांनी मला मोबाईल धरायला बोलावलं. पडद्यावर त्यांची आठ वर्षांची नात, सई. तिला मराठी येत नाही, अण्णांना इंग्रजी येत नाही. अण्णा एकेक कवटी वर धरत, "अ‍ॅलोसॉरस!" म्हणून ती ओरडे, अण्णाही ओरडत. आजोबा-नातीचं बोलणं ते एवढंच. त्यासाठी अण्णा वहीत नावं लिहून आठवडाभर घोकत असत. मला माझ्या चेष्टेची लाज वाटली.

गेल्या रविवारी अण्णांनी नवी कवटी उचलली, तर सई इंग्रजीत काहीतरी बोलली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. सांगणं जिवावर आलं होतं.

"अण्णा, तिला आता डायनासोर नाही आवडत म्हणे. देवमासे आवडतात."

अण्णांनी जबडा हळूच मिटवला. फोन बंद होईपर्यंत हसून हात हलवत राहिले. मग कवटी उपरण्यानं पुसून जागेवर ठेवली, चष्मा लावला आणि वहीचं कोरं पान काढलं.

"मास्तर, देवमाशाला इंग्रजीत काय म्हणत्यात? आन् दात किती असत्यात, तेवढं बघा की."