धर्मपाल गप्प जेवला

भाजीत मीठ नव्हतं. धर्मपालला ते पहिल्याच घासाला कळलं, पण तो काही बोलला नाही. वांग्याची भाजी त्याने निमूटपणे संपवली, हात धुतला आणि "चांगली झालती" म्हणून उठला. सगळा घोटाळा इथून सुरू झाला.

कारण धर्मपाल हा काही गप्प जेवणारा माणूस नव्हता. राळेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर तो ग्रेडर होता, आणि चोवीस वर्षांच्या संसारात त्याने मिठावरून, तिखटावरून, पोळी करपली म्हणून आणि कधी कधी करपली नाही तरी, घर डोक्यावर घेतलं होतं. त्याचा आवाज चढला की शेजारची सोनीबाई घड्याळ न बघता सांगायची, "आठ वाजले. भाऊ जेवाले बसला." अशा माणसाने बिनमिठाच्या वांग्याला चांगलं म्हणावं? त्याच्या बायकोने, कौसल्याने, ताटातला घास तोंडात घालून पाहिला आणि ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या कुठल्या साली ती खूश झाली असती. पण ती सालं वेगळी होती. कापसाचे भाव पडले होते. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावातून वाईट बातमी येत होती. एखादा माणूस दोन दिवस गप्प दिसला की चार घरचे लोक काहीतरी निमित्त काढून त्याच्या दारात येऊन बसत. ओरडणाऱ्याची काळजी नाही, गप्प बसणाऱ्यावर लक्ष ठेवा, एवढं आता सगळ्यांनाच कळत होतं.

खरी गोष्ट अशी होती की धर्मपाल कराटे शिकत होता.

वय अठ्ठेचाळीस, पोट बऱ्यापैकी, गुडघे कुरकुरणारे. हौस म्हणून तो तिकडे गेला नव्हता. ग्रेडरचं काम असं की गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, बोटांनी ओढून धागा बघायचा आणि सांगायचं, पहिली प्रत, दुसरी प्रत, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे डागाळलेला, किडका कापूस. तीन-तीन दिवस रांगेत बैल बांधून बसलेला ओळखीचा माणूस समोर उभा असायचा आणि धर्मपालला त्याच्या तोंडावर 'कवडी' म्हणावं लागायचं. म्हणून तो कापसाकडे बघून बोलायचा, माणसाकडे बघायचाच नाही. दिवाळी सरली तोवर त्याचे हात थरथरू लागले, झोप उडाली आणि घरी वांग्यावर ओरडणं दुप्पट झालं.

केंद्राची जीप दुरुस्त करायला आलेल्या इम्तियाज मिस्त्रीने ते हात पाहिले. इम्तियाज दिवसा गाड्या दुरुस्त करायचा आणि पहाटे, बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मैदानात, गावच्या पोरापोरींना कराटे शिकवायचा.

"साहेब, हे थंडीचं थरथरणं नाही," तो हात पुसत म्हणाला. "उद्या साडेपाचला मैदानात या."

"आता या वयात मारामारी शिकू काय बे?"

"मारणं लय उशिरा येते, साहेब. आधी श्वास घ्याले शिकवतो. तुमी घेऊनच नाही राह्यले."

धर्मपाल गेला. तिथे त्याच्या जोडीला इम्तियाजची नऊ वर्षांची लेक नुजहत मिळाली. रोज कमरेत वाकून तिला नमस्कार करायचा, मग तिने पाय अडकवून खाली पाडायचं, मग उठून पुन्हा नमस्कार करायचा. "काका, खांदे ढिले सोडा ना," ती मोठ्या बाईसारखी सांगायची. शेवटी पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. त्या पाच मिनिटांत कुणी ग्रेड विचारत नव्हतं. पंधरा दिवसांत त्याला झोप लागू लागली. महिन्याभरात तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला, आणि एक दिवस तो समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "दादा, दुसरी प्रत हाय. मले माहीत हाय तुमी किती दिवसांचे बसले. पाणी प्या आधी." भाव त्याने काही वाढला नाही, पण त्या दिवशी त्याचे हात थरथरले नाहीत.

घरी मात्र त्याने सांगितलं, फिरायला जातो. चौथीतली पोरगी ग्रेडरसाहेबाला पाडते हे केंद्रावर कळलं तर काय होईल, या विचारानेच त्याला घाम फुटायचा. आणि कौसल्याला सांगणं म्हणजे सोनीबाईला सांगणं, आणि सोनीबाईला सांगणं म्हणजे एसटी स्टँडवर भोंगा लावणं. येत्या रविवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा होती. पट्टा मिळाला की मग सांगू, असं त्याने ठरवलं होतं. नोकरी बापाच्या ओळखीने मिळाली होती आणि घर सासऱ्याच्या मदतीने झालं होतं. हा पट्टा तेवढा त्याचा स्वतःचा असणार होता.

कौसल्याने दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायची म्हणून वरणात मूठभर मीठ घातलं. धर्मपालने पहिला घास गिळला, डोळे मिटले, नाकाने लांब श्वास घेतला, हळूहळू सोडला आणि तिच्याकडे बघून हसत म्हणाला, "अजून थोडं पाणी दे."

ताट तसंच टाकून कौसल्या सोनीबाईकडे पळाली.

"राजदीपच्या बाबाले काहीतरी झालं वो! खारट वरण खाल्लं अन् माह्याकडे पाहून हासले!"

"याडी ये!" सोनीबाईने आपल्या गोरमाटी बोलीत आईला हाक मारत कपाळाला हात लावला. "हासले? गुरुजीले बोलाव आधी."

वामनराव गुरुजी निवृत्त शिक्षक. जिवाचं बरंवाईट करणाऱ्या माणसाची लक्षणं सांगणारा, आरोग्य शिबिरातून मिळालेला एक कागद त्यांच्या खिशात कायम असायचा. चष्मा लावून त्यांनी तो वाचला. "माणूस एकाएकी शांत होतो. झाला काय?"

"झाले ना."

"आवडीच्या गोष्टी सोडून देतो."

"खर्रा सोडला. वीस वर्षांचा!"

"एकटाच कुठंतरी जातो."

"रोज पहाटे. कुठं जाते ते सांगत नाही."

"जुनी भांडणं मिटवतो."

कौसल्या रडायलाच लागली. मागच्याच आठवड्यात धर्मपाल सात वर्षं अबोला धरलेल्या धाकट्या भावाकडे, इंद्रजितकडे, गेला होता आणि शेताच्या धुऱ्यावरून, त्या बांधावरच्या बाभळींवरून काय काय बोललो त्याची माफी मागून आला होता. गुरुजींनी कागदावर चार खुणा केल्या आणि चष्मा काढला. "बाई, आता त्याले एकटा सोडाचा नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून धर्मपालच्या आयुष्यातली शांतता संपली. घरातलं फिनाईल सोनीबाईच्या फडताळात गेलं. पहाटे पाचला दार उघडलं तर सोनीबाईचा नवरा रूपसिंग मफलर गुंडाळून उभा.

"मीबी येतो फिराले, भाऊ."

"कायले? तू तर आठ वाजता उठतं."

"आता नाही झोपत." रूपसिंगने त्याचा हात धरला तो कळंबच्या रस्त्याने चार किलोमीटर जाऊन येईपर्यंत सोडला नाही. मधे मधे तो गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे बोलत होता. "भाऊ, जिंदगी लय मस्त चीज हाय. ते पाह्य ना, म्हैस पाह्य. कशी मस्त चालून राह्यली."

धर्मपालने म्हैस पाहिली. जिनिंगच्या मैदानावरून पोरांचे 'हाः! हाः!' असे आवाज येत होते. तिकडे न बघता तो पुढे गेला. असे चार दिवस गेले. चौथ्या दिवशी केंद्रावर कापूस उचलताना त्याची बोटं पुन्हा थरथरली आणि तो मनातून घाबरला. पण चिडायचं नाही, असं इम्तियाजने सांगून ठेवलं होतं. पहिली परीक्षा घरीच असते म्हणे. म्हणून तो जास्त हसायला लागला, आणि तो जितका हसला तितके लोक जास्त घाबरले.

शनिवारी इंद्रजित बायकोला घेऊन आला आणि अंगणातच भावाच्या गळ्यात पडला. "दादा, धुरा तूच घे! पाहिजे तर बाभळी पण घे! पण असं करू नको!"

"काय नको करू? अन् बाभळी तुह्याच हायेत, मी सांगतलं ना."

"पाह्यलं? पाह्यलं कसा बोलते?" इंद्रजित हुंदके देत सगळ्यांना म्हणाला. अंगणात दहा-बारा जण जमले होते. सोनीबाईने चहा ठेवला. गुरुजी खाट ओढून धर्मपालच्या समोर बसले आणि फार मायेने त्यांनी विचारलं, "धर्मपाल, खरं सांग. मनात काय विचार येऊन राह्यले?"

धर्मपालला वाटलं, निदान हे तरी खरं सांगावं. "काहीच नाही, गुरुजी. आधी लय यायचे. आता डोळे मिटले का मन एकदम रिकामं होते. लय बरं वाटते."

गुरुजींनी मुकाट्याने कागद काढून पाचवी खूण केली.

कौसल्या तेव्हा चुलीपाशी पाठ करून बसली होती. गेले पाच दिवस ती झोपली नव्हती. पदराचं टोक नवऱ्याच्या मनगटाला बांधायचं आणि त्याचा श्वास ऐकत पडायचं, असं तिचं चाललं होतं. सांगायचं कुणाला? मुलगा राजदीप शिकायला नागपूरला, त्याची परीक्षा तोंडावर. दिवसभर ती सगळ्यांशी नीट बोलायची, नवऱ्याकडे बघून हसायची, आणि तिच्या छातीवर कुणी कापसाचं गाठोडं ठेवल्यासारखं तिला व्हायचं.

रविवारी पहाटे मात्र तिचा डोळा लागला. धर्मपालने पदराची गाठ हलक्या हाताने सोडली, ट्रंकेमागे लपवलेला पांढरा पोशाख चढवला आणि दारात रूपसिंग असणार म्हणून मागच्या भिंतीवर चढला. कौसल्या जागी झाली, तिने पदर ओढला, तो मोकळाच हातात आला. तिने खिडकीतून पाहिलं तर पांढऱ्या कपड्यातला तिचा नवरा भिंतीपलीकडे उतरत होता.

तिच्या किंकाळीने आळी उठली. कौसल्या अनवाणी पुढे, तिच्यामागे मफलर सांभाळत रूपसिंग, सोनीबाई, टॉर्च घेतलेले गुरुजी आणि ओट्यावर झोपलेला इंद्रजित. वरात थेट जिनिंगच्या मैदानात शिरली आणि जागच्या जागी थांबली.

मैदानात दहा-बारा पोरंपोरी ओळीने उभी होती. त्यांच्यासमोर धर्मपाल दोन वेण्या घातलेल्या एका मुलीला कमरेत वाकून नमस्कार करत होता. मुलीने उलट नमस्कार केला, एक पाऊल पुढे आली आणि राळेगाव केंद्राचे ग्रेडरसाहेब धप्पकन मातीत बसले.

"काका," नुजहत कुजबुजली, "तुमच्या घरचे आले."

"हे काय हाय, धर्मपाल?" गुरुजींनी टॉर्च त्याच्या तोंडावर मारत विचारलं. उजाडलं होतं तरी मारलाच.

"कराटे," धर्मपाल मातीतूनच म्हणाला.

रूपसिंग आधी खुसखुसला, मग पोट धरून हसला, मग सगळेच हसले. कौसल्या हसली नाही. ती तशीच पुढे आली, धर्मपालच्या शेजारी मातीत बसली आणि तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"मले सांगता नाही आलं?"

"लाज वाटे," धर्मपाल म्हणाला. "अन् हे कराटे तरी काहून करतो ते कसं सांगू? तिकडे दिवसभर ओळखीच्या माणसाच्या कापसाले कवडी म्हणतो. मग माह्ये हात थरथरते. घरी येऊन तुह्यावर ओरडतो. मले वाटलं, ओरडणं तरी बंद करू. तेवढंच तुले सुख."

"सुख!" कौसल्या म्हणाली. "पाच दिवस झाले, मी डोळ्याले डोळा नाही लावला. तुमी हासले का मले भेव वाटे."

धर्मपालने तिच्या हाताकडे पाहिलं. त्याच्या मनगटावरची तिची बोटं थरथरत होती, अगदी त्याची थरथरायची तशीच. चोवीस वर्षांत त्याने कापूस सोडून दुसऱ्या कशाकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं, आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

"इम्तियाजभाई," तो म्हणाला, "माही परीक्षा राहू द्या. आधी हिले आवाज शिकवा."

इम्तियाजने मान हलवली. "भाभी, काही अवघड नाही. पाय रोवून उभ्या राहा. मूठ आवळा. अन् पोटातून जोरात आवाज काढा. हाः!"

"मी नाही बाप्पा. लोक काय म्हणतीन?"

"कोण म्हणते ते मी पाह्यतो," रूपसिंग म्हणाला.

कौसल्याने पदर खोचला. पहिला आवाज चिमणीएवढा निघाला. दुसरा बरा होता. तिसऱ्याला तिने डोळे मिटले, आणि जो आवाज निघाला त्याने जिनिंगच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, लांब कुठेतरी एक बैल हंबरला आणि नुजहत दोन पावलं मागे सरली. मग कौसल्या रडली, भर मैदानात, मोकळी होऊन रडली. धर्मपाल शेजारी उभा राहिला. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत तो तिच्याबरोबर श्वास घेत राहिला.

पिवळा पट्टा त्याला मिळाला. इम्तियाजच्या मते तो अजून कच्चा होता, पण नुजहतने हट्ट धरला.

त्यानंतर रोज पहाटे दोघं मिळून जाऊ लागली. पंधरा दिवसांनी एका सकाळी सोनीबाई फिनाईलची बाटली परत करायला आली. अंगणात धर्मपाल ताटावर बसून जेवत होता. "आज भाजीत मीठ नाही," तो म्हणाला, आणि पुढचा घास घेतला. तुळशीवृंदावनाच्या सावलीत कौसल्या पाठ ताठ करून बसली होती. डोळे मिटलेले, ओठांवर थोडंसं हसू.

"राहते कधी कधी," ती डोळे न उघडता म्हणाली.

सोनीबाई दारातच थबकली. तिने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग बाटली हळूच पदराखाली घेतली आणि आल्या पावली वामनराव गुरुजींच्या घराकडे निघाली.