अण्णांची नऊ चालींची मात

सासऱ्यांना खूश करायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं वाईट व्हावं असं काही नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आले होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि अण्णांनी न चालायचं ठरवलं होतं. येताना त्यांनी बुद्धिबळाचा पट तेवढा आठवणीने आणला. त्यावर त्यांनी स्वतः रचलेलं कोडं मांडलं : पांढऱ्याने खेळून नऊ चालींत मात. हॉलमधल्या त्या पटाला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. (पुसायचं फडकंसुद्धा त्याला वळसा घालून जायचं.) ते कोडं आजवर कुणाला सुटलं नव्हतं, आणि अण्णांच्या मते मला तर कुठलंच सुटणार नव्हतं.

म्हणून मी पटाचा फोटो काढला आणि तीच मांडणी कॉम्प्युटरवरच्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला दिली. कमीत कमी किती चालींत मात होते, ते हा प्रोग्राम सांगतो. त्याने नऊ सांगितलं की मी अण्णांचं तोंडभरून कौतुक करणार होतो. त्याने चार सांगितलं.

शहाण्या माणसाने इथे तोंड मिटलं असतं. मी धावत आतल्या खोलीत गेलो.

"अण्णा, तुमचं कोडं चारच चालींत सुटतं!"

अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी ते पलंगावरून उठलेच नाहीत.

"अहो, परवा काठी टेकत खिडकीपर्यंत गेले होते ते!" बायकोने स्वयंपाकघरात मला फैलावर घेतलं. "एकच गोष्ट अभिमानाने सांगायचे, तीही तुम्ही घालवलीत. असेच पडून राहिले तर गुडघा आखडेल कायमचा."

"मी नाही, त्या प्रोग्रामने..."

"मग त्याला सांगा नऊ करायला!"

मी सांगूनही पाहिलं. (कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. विनवण्याच राहिल्या होत्या, त्याही केल्या.) तो चारावर ठाम. मला फार वाईट वाटत होतं. म्हाताऱ्याच्या पायातलं उरलंसुरलं बळ मीच काढून घेतलं होतं.

शेवटी अण्णाच म्हणाले, "दाखवा तुमच्या चार चाली."

मी पट अलगद उचलून त्यांच्या पलंगावर ठेवला आणि हत्तीला हात घातला.

"थांबा. उंटापुढचं काळं प्यादं कुठंय?"

"तिथे काही नव्हतं, अण्णा."

"प्यादं हरवलंय म्हणून मी कोटाचं बटण ठेवलं होतं तिथे!" आणि त्यांची नजर माझ्या पोटावर येऊन थांबली.

झालं होतं असं की, त्या दिवशी माझ्या शर्टाचं पोटावरचं बटण तुटलं होतं. (ते नेहमीच तुटतं. त्याच्यावर कामाचा ताण असतो.) फोटो काढायला गेलो तर पटावर बटण! मला वाटलं, उडून इथे पडलं. ते उचललं आणि मगच फोटो काढला. बाकीच्या बटणांपेक्षा जरा थोराड दिसत होतं, पण मी ते स्वतः शिवलं आणि बायकोकडून शाबासकीसुद्धा घेतली.

"अगं, कात्री आण!" अण्णा ओरडले.

बटण पटावर गेलं आणि मी, उघड्या पोटाने, हॉलमध्ये कॉम्प्युटरपुढे. हा प्रोग्राम आधी लांबची मात दाखवतो, मग शोधत शोधत आकडा खाली आणतो. चौदा आले. मग बारा. मग दहा. बायकोने माझा दंड घट्ट धरला. नऊ!

"आता थांब रे बाबा," मी पुटपुटलो.

आम्ही श्वास रोखून बघत बसलो. बऱ्याच वेळाने प्रोग्रामने शोध संपल्याचं सांगितलं. नऊपेक्षा कमी चालींत मात नाही!

"नऊच असणार," मागून आवाज आला.

वळून पाहतो तर अण्णा! पलंगापासून इथवर एकटे चालत आले होते. बायको एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. तेवढ्यात अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, आणि तोही चांगला घट्ट.

"अण्णा..."

"बोलू नका," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हलूही नका. काठी आत राहिलीय."