पंधरा इंची वूफर

आमच्या एकोडी गावात माझ्यासारखा स्टीरिओ दुसऱ्या कुणाकडे नाही, असं मी त्र्याऐंशीच्या श्रावणात सगळ्यांना सांगत सुटलो होतो. खरं तर तो अजून लागलाच नव्हता. पण दुकानदारानं माल यायच्या आधी त्याची तारीफ करायची नाही, तर मग कधी करायची?

सगळ्याचं मूळ माझा साळा जागेश्वर. तो जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. त्याच्या स्टीरिओवर ढोलकी वाजली की टेबलावरच्या कपबशा थरथरतात. माझ्या साध्या रेकॉर्ड प्लेअरवर तीच ढोलकी लागली की कुणी तेलाचा रिकामा डबा बडवतोय असं वाटे. माझ्या बायकोनं, शकुननं, हे मला तीनदा बोलून दाखवलं. तिसऱ्यांदा बोलली तेव्हा मी भंडाऱ्याची बस धरली.

भंडाऱ्यात भैयालाल नावाचा रेडिओ मेकॅनिक होता. त्यानं समजावलं, जाड आवाजाला वेगळा मोठा स्पीकर लागतो, त्याला वूफर म्हणतात. खोली केवढी आहे, हे त्यानं विचारलं, मी सांगितलं. "मंग आठ इंची लय झाला जी," तो म्हणाला. जागेश्वरचा बारा इंची होता. मी पंधरा इंची घेतला! निघताना भैयालालनं दोन गोष्टी बजावल्या. वूफरची पेटी जाड लाकडाची पाहिजे, आणि रेकॉर्ड प्लेअर त्या पेटीपासून दूर पाहिजे. का, ते मी विचारलं नाही. बस सुटत होती.

जाड लाकूड आणायचं कुठून? घरात धानाची पत्र्याची कोठी होती, माझ्या छातीइतकी उंच. मी धान उपसून पोत्यांत भरलं, कोठीला गोल भोक पाडलं आणि वूफर ठोकून बसवला. शकुन पोत्यांकडे बघून म्हणाली, "आता उंदरं धान खातीन का तुमची ढोलकी आयकत बसतीन?" मी ऐकलं नाही. प्लेअरला मात्र जागा उरेना. पावसाचा पाचवा दिवस होता, छपराचे कवेलू गळत होते, आणि त्या खोलीत कोरडी जागा एकच होती, कोठीचं झाकण. प्लेअर तिथेच ठेवला.

आता तलावाचं सांगायला हवं. आमच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, माझ्या परसापासून दोनशे पावलांवर आहे. तलाव तुडुंब भरला की गावातला एकेक माणूस तीन-तीन तास राखणीला पाळीवर बसतो. कुठे पाणी झिरपलं की त्यानं ओरडायचं. त्या दिवशी बारा ते तीन माझा नंबर होता.

एक वाजता मी हळूच घरी सटकलो. अर्ध्या तासात काय होणार आहे! नुसता वूफर जोडला, सुई रेकॉर्डवर टेकवली, आवाज शेवटपर्यंत चढवला. काहीच नाही. मग लक्षात आलं की लाईटच गेलेली आहे. सगळं तसंच सोडून खोलीला कुलूप लावलं आणि मागच्या पडवीत जेवायला बसलो.

तिसऱ्या घासाला जमीन घुमायला लागली. गाणं नाही, सूर नाही, नुसतं घुंऽऽऽ. ते भिंतीतून आलं, पाटातून आलं, माझ्या मांड्यांतून वर चढलं. ताटातली वाटी आपोआप सरकू लागली.  डोक्यात एकच आलं, पाळ सुटली. आणि माझ्या नंबरात सुटली!

मी उष्ट्या हातानं रस्त्यावर धावलो आणि बोंब ठोकली. पाच मिनिटांत गाव हललं. शेळ्या, म्हातारे, गाद्या, तान्ही पोरं, सगळे टेकाडावरच्या शाळेकडे निघाले. शेजारचा चक्कीवाला तर चक्की चालू टाकून पळाला.

गावचे मोठे मारोतराव तेवढे माझ्या दारात येऊन उभे राहिले. "तू तं राखणीले होता ना," ते म्हणाले. "तुनं सोताच्या डोयानं पाह्यलं काय?" मी जेवत होतो, हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हटलं, पाळीवरच्या चिंचेजवळ पाणी उसळताना पाहिलं. मारोतरावांनी भिंतीला तळवा लावला आणि चटकन काढून घेतला.

त्यांनी ठरवलं, पाळ नाल्याच्या बाजूनं आपणच फोडायची. पाणी तिकडे जाईल, गाव वाचेल. दहा माणसं कुदळी घेऊन निघाली. मासेमार सोसायटीचा धनीराम त्यांच्यापुढे आडवा झाला.

"माशाचं बीज सोडून पंधरा दिवस नाही झाले जी. तलाव गेला तं आमी सालभर काय खावाव? अन् तुमच्या धानाले पाणी कोण देईन?"

"मानसं वाचली तं पुढं पाहू," मारोतराव म्हणाले. 

तेवढ्यात घुमणं थांबलं.  शेजारची चक्कीही थांबली होती. दोन मिनिटं फक्त पाऊस ऐकू येत होता. मग चक्की खडखडली, आणि त्याच क्षणी जमीन पुन्हा घुमली.

मी वळून माझ्या कुलूपबंद खोलीकडे बघितलं. कोठी!

पाळीची भीती गेली आणि तिच्याहून मोठी भीती आली. बोललो तर राखण सोडल्याचं आणि खोटं बोलल्याचं उघड होणार. नाही बोललो तर तलाव जाणार. धनीराम कुदळवाल्यांच्या मागे हात जोडत चालला होता. त्याच्याकडे मला बघवेना. पाळीवर पहिली कुदळ पडल्याचा आवाज आला आणि मी चिखलातून धावलो.

"पाळ धड आहे," मी ओरडलो. "ती माझी कोठी घुमून राहिली."

कुणाचा विश्वास बसला नाही. मारोतरावांना माझी दया आली. भीतीनं याचं डोकं फिरलं, याला शाळेत नेऊन निजवा, असं त्यांनी सांगितलं. दोघांनी मला बखोटीला धरलंसुद्धा. मी कोठी, ढोलकी, जागेश्वर असं काहीबाही बोलत होतो, त्यानं त्यांची खात्रीच पटत चालली होती.

धनीराम मात्र थांबला. चक्कीकडे कान देऊन उभा राहिला. लाईट पुन्हा गेली, चक्की थांबली, घुमणं थांबलं. लाईट आली, दोन्ही सुरू झालं.

"मारोतराव," तो शांतपणे म्हणाला, "तलावाले लाईट लागते काय जी?"

सगळं गाव माझ्या घरी आलं. मी कुलूप काढलं. सुई उचलली आणि घर गप्प झालं. पुढे भैयालालनं सांगितलं, कोठीचा थरथराट सुईत जात होता, सुई तो परत कोठीत पाठवत होती, म्हणून आवाज वाढतच गेला. दूर ठेवा म्हटलं होतं, असंही तो म्हणाला.

पाळीवर हातभर खड्डा पडला होता, तो मी एकट्यानं बुजवला. उरलेल्या पावसाळ्याची दुपारची राखण माझ्याकडे आली. उंदरांनी दोन पोती खाल्ल्यावर शकुननं धान परत कोठीत भरलं. वूफर काढल्यावर राहिलेल्या भोकाला तिनं फळी लावली; धान काढायला ते आता तिला बरं पडतं.

ढोलकी मी त्या वूफरवर एकदाही ऐकली नाही. लाईट गेली की सारं गाव वैतागतं. मला मात्र तेवढाच वेळ निवांत वाटतं. ती परत आली की आधी भिंतीला तळवा लावून बघतो.