शिक्र्याला वाढायचं राहिलं होतं

आमच्या जेवणघरातल्या चित्रातला गरुड पंज्यात ससा धरून कित्येक वर्षं उपाशी बसला होता, कारण शेजारच्या चित्रातल्या शिक्र्याला कोणी वाढलं नव्हतं.

दोन्ही चित्रं जुनी, विलायती छपाईची, हाताने रंगवलेली. सासऱ्यांनी ती मिरजेला एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतली. साहेबाच्या बंगल्यावर गरुड कसा वागत होता कोण जाणे, पण आमच्या भिंतीवर येऊन तो पंगतीची रीत शिकला. शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिला घास घ्यायचा नाही. आणि चितारणाऱ्याने शिक्रा नुसताच फांदीवर बसवलेला, पंजे रिकामे. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही, पण पाहुण्याच्या पानात डोकावू नये, असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. म्हणून मी कधी काही बोलले नाही.

चैत्रात माझे दीर, दिगंबर भावजी, राहायला आले. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. कोणी उपाशी बसलेलं त्यांना बघवत नाही. पानं वाढलेली असताना त्यांनी चित्राची काच उतरवली आणि शिक्र्याच्या पंज्यात एक सरडा काढून दिला. नावं ठेवायला जागा नव्हती.

"सगळ्यांना वाढून झालं," गरुड म्हणाला. "सूनबाई, आता सुरू करा म्हणा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सशाने कान पाडले.

"वहिनी," ससा हळूच म्हणाला, "इतकी वर्षं तुमच्याच घरी काढली हो."



"आज सोमवार," मी म्हणाले. "उपास आहे."

आमच्यात सोमवार कोणी धरत नव्हतं. पण गरुडाने चोच मिटली. मी पानं उचलली. साबुदाणा भिजवलेला नव्हता, म्हणून वरीचे तांदूळ शिजत टाकले.

"एकादशी आणि दुप्पट..." भावजींनी सुरुवात केली. मी डोळे वटारल्यावर पुढचं गिळलं.

"उद्या?" गरुडाने विचारलं.

"मंगळवार. गणपतीचा."

"परवा?"

"विठोबाचा."

मग दत्त झाले, देवी झाली, मारुती झाला. रविवारी जरा अडलं, तेव्हा यांनीच खंडोबा सुचवला.

भावजी दुसऱ्याच दिवशी मुलीकडे गेले. आमच्या घरात आता सगळ्यांना पित्त आहे. ससा बरा आहे.