दहिफळे सरांची रोजची थाप

आमच्या शाळेतले दहिफळे सर सातवीच्या वर्गात रोज एक थाप मारतात. चुकून नाही, अगदी ठरवून! वर्गात पाऊल टाकलं की जाहीर करतात, "आज एक खोटं बोलणार आहे. धरा!" मग पोरं तासभर कान टवकारून बसतात. मी त्याच पोरांना मराठी शिकवते आणि माझ्या तासाला निम्मी खिडकीबाहेर बघत असतात, तेव्हा कान टवकारणं काय चीज असते ते मला विचारा.

एकदा सर म्हणाले, उंट पाठीवरच्या उंचवट्यात पाणी साठवतो. कुणीच धरलं नाही. दारात उभी राहून ऐकत होते, मीही मान डोलावली. "बाई, तुम्हीपण फसलात! चरबी असते तिथं," म्हणून वर्गासमोर माझीच वरात काढली.

त्यांचा दुसरा रोग म्हणजे 'कशावरून?' भाजीवाली म्हणाली, मेथी आत्ताच उपटलीय, की हे विचारणार, "कशावरून?" चहा अगोड झालाय म्हटलं तरी कशावरून! स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नाही. तिथं मीच बसते, कारण मला भांडायला आवडतं. राहतात शाळेमागच्या भाड्याच्या खोलीत, एकटेच. घरचा विषय काढला की लगेच उंटावर येतात.

हा रोग पोरांना लागला नसता तरच नवल. आया तक्रार घेऊन यायला लागल्या. "बाई, पोरगीला म्हनलं केस नीट इंचर, लोक हसत्यात. तर मलाच इचारती, कशावरून?"

अशात शाळेला बोअर घ्यायचं ठरलं. आमचं गाव शेवगावच्या पुढं, इथं पाण्याचं नाव काढलं की माणसं हळवी होतात. शाळा समितीचे अध्यक्ष भानुदासतात्या पाणाड्याला घेऊन आले. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो मैदानात फिरायला लागला. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणे. लिंबाच्या झाडापाशी नारळ ताठ उभा राहिला आणि तात्यांनी हात जोडले.

तेवढ्यात सातवीतली आफरीन म्हणाली, "काका, कशावरून?"

तात्यांनी डोळे वटारले. पोरगी थांबते कसली! "डोळे बांधून परत फिरा की. पाणी तिथंच असंल तर नारळ तिथंच उभा राहील."

पाणाड्या जोशात हो म्हणाला. पोरींनी ओढणीनं त्याचे डोळे बांधले. या खेपेला नारळ उभा राहिला मुख्याध्यापकांच्या मोटरसायकलशी. पुन्हा फिरवला, तर थेट मुतारीच्या दारात! पोरं हसून लोळली. मीही हसले, का खोटं बोलू?

तात्या मात्र लालबुंद होऊन दहिफळे सरांवर घसरले. "गुरुजी, ह्यो काय चावटपणा शिकवलाय? उद्याच्या परिपाठाला समद्यांम्होरं सांगायचं, माझं चुकलं, मोठ्यांना उलटं इचारू नये. न्हाईतर बदली झालीच म्हनून समजा!"

मुख्याध्यापक आपले, "दहिफळे, मिटवून टाका."

सर मला म्हणाले, "मला बदलीचं काही नाही, बाई. पण मी हे बोललो आणि पोरांना ते खरं वाटलं, तर ती परत तोंड उघडणार नाहीत."

"मग बोलूच नका! बघू कोण काय वाकडं करतं ते!" मी म्हटलं. त्यावर ते वह्या तपासायला लागले. मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, तात्या पहिल्या खुर्चीत येऊन बसले. सर पुढं आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मुलांनो, माझं चुकलं. मोठ्यांना उलटं विचारू नये."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग आफरीननं हात वर केला.

"सर, धरली! आजची थाप धरली!"

अख्ख्या सातवीनं टाळ्यांचा कडकडाट केला. सर तात्यांकडं वळले. "तात्या, तुम्ही सांगितलं तेच बोललो. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही."

तात्या तरातरा निघून गेले. आता म्हणे बदलीसाठी वर खटपट चाललीय. चालू दे! चौकशीला येणाऱ्या साहेबाला 'कशावरून?' विचारायला सगळ्यांत आधी मी उभी राहणार आहे.

परिपाठाच्याच दिवशी दुपारी सातवीवरून जात होते, तर आफरीन सरांना विचारत होती, "सर, बदली झाली तर तुम्हाला वाईट वाटंल?"

"छे! मला कसलं वाईट? एकटा जीव, आज इथं, उद्या तिथं. मला कुठंही करमतं."

आफरीन हळूच म्हणाली, "सर, रोज एकच मारायची असते. ही दुसरी झाली."

मला वाटलं, आता विचारतील, कशावरून? नाही विचारलं. पाठ फिरवून फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.