जुनिपरखालची वर्दळ

मोजणी माझ्याकडे आली, तिथेच अर्धा पूल बांधून झाला समजा! असं मी आमच्या डोंगरगाड्यांच्या क्लबच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. भौतिकशास्त्राची पदवी नवीकोरी होती, आवाज आपोआपच चढायचा.

आमच्या आयडाहो राज्यात डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी पळवायची, तर दरवर्षी तिच्यावर स्टिकर लावावं लागतं. त्याची फी सरकारकडे जाते आणि वाटा, पूल, पोरांचे सुरक्षित गाडी चालवण्याचे वर्ग अशा रूपाने परत येते. आमच्या ओढ्यावरचा लाकडी पूल कुजला होता. नवा झाला नाही तर वाट बंद, आणि पलीकडे भरणारा पोरांचा वर्गही बंद.

"स्टिकरं चिकटवून चिकटवून माझ्या गाडीचा रंग दिसेनासा झालाय!" व्हर्लकाका म्हणाले. हे क्लबचे अध्यक्ष आणि माझे सख्खे काका. "आता आपले पैसे परत आण, ब्रिन!"

त्यासाठी वाटेवर वर्दळ आहे हे दाखवायला हवं. मी पुलाच्या अलीकडे वाटेकडेला खांब रोवून त्यावर मोजणीयंत्र बसवलं. समोर काहीही हललं की दिवा लुकलुकणार, आकडा वाढणार, वेळही नोंदली जाणार. जागाही शास्त्रशुद्ध! यंत्र तापू नये म्हणून जुनिपरच्या झाडाखाली. अख्ख्या माळावर सावली देणारं तेवढं एकच झाड.

महिन्याने आकडा पाहिला आणि मी खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिले. गावातल्या माणसांच्या कितीतरी पट गाड्या!

"एवढं कोण जातंय तिथून?" काकांनी विचारलं.

"बाहेरगावचे लोक."

"सगळे भर दुपारी?"

"सावलीत जेवायला थांबत असणार."

"आणि गावात एकानेही बर्गर घेतला नाही?"

"डबे आणत असतील, काका! आकड्यांवर संशय घेऊ नका."

आलेखासकट अर्ज गेला. लगेच राज्याच्या कचेरीतून मिसेस उरीआर्तेंचा फोन: ही विलक्षण वाट मी स्वतः बघायला येते! क्लबमध्ये लगीनघाई उडाली. बटाट्याच्या कॅसरोलचे ट्रे भाजले गेले. काकांनी चक्क दाढी केली!

भर दुपारी निघालो. बाई काकांच्या शेजारी, मी मागे, मांडीवर आलेख. वळण ओलांडलं. जुनिपर दिसला. खांब दिसला. आणि खांबाला मान घासत, डोळे मिटून, ब्रह्मानंदी टाळी लागलेली काकांची गाय पेट्युनिया दिसली!

मान घासली, दिवा लुकलुकला. पुन्हा घासली, पुन्हा लुकलुकला.

काकांनी गाडी थांबवली.

"ही नेहमीची आहे," काका म्हणाले.

"हेल्मेट नाही," मिसेस उरीआर्ते गंभीरपणे म्हणाल्या. "आणि स्टिकरही दिसत नाही."

तिथल्या तिथे स्वतःला पुरून घ्यावंसं वाटलं मला! तेवढ्यात काकांनी गायीला हाकलायला हॉर्न वाजवला. पेट्युनिया दचकली ती थेट पुलावर! कडाड्! फळ्या खाली, गाय खाली. ओढा उथळ होता म्हणून बरं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि आलीच आहे तर म्हणून पाणी प्यायला लागली.

बाई भगदाडाकडे बघत राहिल्या. "पोरांचा वर्ग यावरून जातो?"

"दर शनिवारी," मी कशीबशी म्हणाले.

"अहो, मग हे आधी लिहायचं ना! तो आलेख ठेवा आत."

पूल मंजूर झाला! अट एकच: मोजणी नीट करा. यावेळी मी कसर ठेवली नाही. जमिनीत पुरायचं यंत्र आणलं, फक्त लोखंड ओळखणारं. गायींचा अख्खा कळप नाचून गेला तरी शून्य! हेही बैठकीत ठणकावून सांगितलं.

परवा आकडा पाहिला. भर दुपारी अफाट वर्दळ! काकांना घेऊन धावत गेले. पेट्युनिया जुनिपरखाली, बरोब्बर यंत्रावर मान टाकून पहुडली होती. माशी बसली की मान हलायची, आणि मान हलली की...

"नव्या पुलावरून गाड्या सुसाट येतात," काका अभिमानाने म्हणाले. "गाय आहे हे लांबून कळावं म्हणून हिच्या गळ्यात मीच बांधली. अस्सल लोखंडी घंटा आहे!"

आता जमिनीत पुरायचं यंत्रसुद्धा जुनिपरखालीच का लावलं, असं विचारू नका. तापलं असतं ना!